पीआयसीयूत (लहान मुलांच्या आयसीयूत) लेकराला दिवसातून नऊदा टोचलं. कमी दुखावं म्हणून आईनं काय मागावं?

चिऊची आई
मंगळवार, रात्री १.४०

हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावरच्या बाकड्यावर बसून मोबाइलवर लिहितेय, चुका पोटात घाला.

आम्ही उदगीरकडचे. मुलगी चार वर्षांची, घरात सगळे चिऊच म्हणतात. न्यूमोनिया झाला, छातीत पू साठला, म्हणून तिकडच्या डॉक्टरांनी मोठ्या शहरात पाठवलं. आज पीआयसीयूतला सातवा दिवस. उजव्या कुशीत नळी आहे, आयसीडी म्हणतात तिला, दुसरं टोक खाली बाटलीत. ताप उतरला, ऑक्सिजन कमी केला, काल दोन चमचे वरणभात खाल्ला. डॉक्टर जीव तोडून करतात. उपचारांबद्दल माझी काही तक्रार नाही, हे आधीच सांगते, नाहीतर पहिला प्रतिसाद त्यावरच येईल.

माझं दुखणं वेगळं आहे. औषधांच्या बिलाच्या मागं मी पेनानं रेघा मारते. काल सकाळपासून आत्तापर्यंत रक्तासाठी दोनदा, हाताची सुई सुजली म्हणून नवी लावायला चारदा, मनगटाच्या नसेत एकदा, मग नळीचं ड्रेसिंग, मग नाकातली नळी बदलली. नऊ रेघा. प्रत्येक वेळी मला म्हणतात, आई बाहेर थांबा. दार लावतात. आतून ‘धर, पाय धर’ ऐकू येतं, मग तिचा आवाज, मग ‘झालं झालं, एवढंच’. संध्याकाळी भेटीच्या पंधरा मिनिटांत ती मला म्हणाली, “मम्मी, ते झालं म्हंतेत आन् आनखी टोचतेत.”

आता ट्रॉलीचं चाक वाजलं तरी चादर ओली करते. घरी दीड वर्षापासून एकदाही केली नव्हती. निळे कपडे दिसले की दोन्ही हात पाठीखाली घालून झोपते.

परवा गुरुवारी छातीतली नळी काढणार आहेत. घालताना भूल दिली होती. काढताना ‘दोन सेकंदांचं काम आहे’ म्हणाले. नवरा म्हणतो, गप बस, डॉक्टर चिडले तर लेकराचंच नुकसान. सासूबाई म्हणतात, लहान आहे, विसरून जाईल.

दुखू नये म्हणून काही देता येत नाही का? की देतात आणि मला कळत नाही? रात्री झोपेचं औषध देतात, त्यानं दुखणं थांबतं का? मला आत थांबू द्या असं म्हणता येतं का? कोणाला म्हणायचं, कसं म्हणायचं?

---

रात्रपाळी
मंगळवार, पहाटे ४.१५

ताई, चहाच्या सुट्टीत वाचलं. मी सिस्टर आहे. सहा वर्षं एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचं आयसीयू, मग अकरा वर्षं पीआयसीयू. औषध किती द्यायचं हे इथं लिहिणार नाही, ते डॉक्टरांचं काम. पण मागता येतं का विचारताय, तर हो, मागता येतं. चिडतील या भीतीनं गप्प बसलेल्या आया मी ढिगानं बघितल्यात. चिडणारे डॉक्टर त्यामानानं थोडे बघितले.

तुमच्या रेघांवर आधी बोलते. आमच्या चार्टवर त्या रेघा नसतात. तिथं लिहिलेलं असतं ‘सॅम्पल पाठवलं, सहा वीस’. एका टोचण्यात पाठवलं की पाचव्या, त्याला रकानाच नाही. नाडी दर तासाला लिहितो, लघवी मिलिलिटरमध्ये लिहितो, बाटलीत पू किती आला ते लिहितो. टोचणं लिहीत नाही. जे लिहिलं जात नाही ते राउंडला निघत नाही. तो बिलाचा कागद जपून ठेवा, तो उपयोगी आहे.

तुम्ही काचेबाहेरून बघता, आतलं कसं असतं ते सांगते. सकाळचा राउंड असतो, त्याआधी रिपोर्ट हवेत, म्हणून रक्त साडेपाच-सहाला घ्यायचं. माझ्याकडे तेव्हा दोन-तीन मुलं, एखाद्याचं सक्शन, म्हणजे नळीनं कफ ओढणं, चाललेलं, एखाद्याचा औषधाचा पंप ओरडतोय. बधिर करणारं क्रीम कपाटात असतं, लिग्नोकेन-प्रिलोकेनचं, किंमतही फार नाही. पण ते लावल्यावर तासभर थांबावं लागतं. म्हणजे सहाला टोचायचं तर पाचला लावायला हवं, आणि पाचला ते कोणाच्या डोक्यात नसतं. औषध नाही म्हणून मुलं रडतात असं कमी वेळा होतं, ताई. घड्याळ जुळत नाही म्हणून रडतात.

तर पहिली मागणी ही, आणि ती आदल्या रात्रीच करायची: “सिस्टर, सकाळी रक्त घेणार असाल तर पाच वाजता क्रीम लावता येईल का?” ते मलमासारखं चोळायचं नाही, जाडसर गोळा ठेवायचा, वर पारदर्शक पट्टी. दोन जागी लावायला सांगा, पहिली शीर दगा देतेच. काढल्यावर थोडा वेळ शिरा आकसलेल्या असतात, लगेच टोचलं तर ‘क्रीममुळे शीर मिळाली नाही’ असं ऐकायला मिळतं. दहा मिनिटं दम धरायचा. जखमेवर लावत नाहीत, अगदी लहान बाळांना जपून लावतात, म्हणून डॉक्टरांचा होकार हवा. आणि मूल गंभीर असेल तर कोणी तास थांबणार नाही, थांबूही नये.

दुसरं, झोपेच्या औषधाचं. हे नीट समजून घ्या, कारण शिकाऊ सिस्टरांनाही मला हे दरवर्षी सांगावं लागतं. मिडाझोलामसारख्या औषधानं मूल गुंगतं, शांत दिसतं, झालेलं बऱ्याचदा आठवत नाही. दुखणं मात्र जसंच्या तसं. शांत झालं ते मूल, दुखणं नव्हे. दुखण्याचं औषध वेगळं: साध्यात पॅरासिटामॉल, भारीमध्ये फेन्टानिल, मॉर्फिन, आणि केटामाइन. “हे झोपेचं आहे की दुखण्याचं?” हा प्रश्न विचारा. समोरचा चिडणार नाही, फार तर दचकेल.

हे मी पुस्तकातून नाही शिकले. पीआयसीयूत नवीन होते तेव्हा सात वर्षांचा एक मुलगा व्हेंटिलेटरवर होता, हालू नये म्हणून स्नायू सैल करणारं औषधही चालू. असं मूल बोटसुद्धा हलवू शकत नाही. मी सक्शन करायला गेले. नळीतून सक्शन म्हणजे आपल्याला पाणी चुकीच्या नळीत गेल्यावर होतं त्याच्या कैक पट. मॉनिटरवर नाडी एकशे दहावरून एकशे सत्तर. डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी ओघळून कानात गेलं. मला वाटलं, डोळ्यात घातलेलं मलम वितळलं. पुसलं. पुढचं सक्शन, पुन्हा तेच. तेव्हा मोठ्या सिस्टरांनी पंप बघितले. झोपेचा चालू होता, स्नायूंचा चालू होता, दुखण्याची सिरिंज संपून वाजायची बंदही झाली होती. किती वेळ, कोणालाच सांगता आलं नाही. मुलगा बरा होऊन घरी गेला. जाताना सगळ्यांना पेढा दिला, मला देताना मी त्याच्याकडे बघू शकले नाही. तेव्हापासून ड्यूटीवर आल्या आल्या मी आधी दुखण्याच्या पंपाला हात लावते, मग बाकीच्यांना.

असो. चिऊ बोलते, रडते, हात लपवते, हे चांगलं आहे, तिचं दुखणं दिसतं तरी. दुखणं मोजायची आमच्याकडे पद्धत असते. लहान मुलांसाठी फ्लॅक नावाची आहे: चेहरा, पाय, अंगाची हालचाल, रडणं आणि समजूत घातल्यावर शांत होतंय का. प्रत्येकाला शून्य ते दोन, एकूण दहा. यातला शेवटचा गुण तुमच्याइतका बरोबर कोणी देऊ शकत नाही, कारण तिची समजूत कशानं पटते हे आम्हाला काय माहीत. “आत्ता तिचा पेन स्कोअर किती लिहिलाय?” असं विचारलंत की सिस्टरला तो निदान बघावा लागतो. हा शब्द मुद्दाम इंग्रजीतच वापरा, कान लगेच टवकारतात.

आता गुरुवारचं. नळी काढायला दोन सेकंद लागतात हे खरं. तरी त्या दोन सेकंदांत छातीच्या आतल्या अस्तराला घासत ती बाहेर येते, आणि मोठी माणसं ‘आई गं’ करतात हेही खरं. उद्या राउंड संपल्यावर, दहा जण उभे असताना नव्हे, डॉक्टर एकटे टेबलाशी लिहीत बसले की जा. तीनच गोष्टी विचारा. आधी दुखण्याचं काय देणार? ते देऊन किती वेळानं काढणार? दिल्या दिल्या काढायला घेतलं तर दिलं न दिल्यासारखंच, शिरेतलं पॅरासिटामॉलसुद्धा पंधरा-वीस मिनिटं तरी मागतं. आणि मी तिच्या डोक्याशी बसू का?

बसू दिलं तर हातपाय धरायचं काम अंगावर घेऊ नका. ते आमचं. आईच धरणारी झाली तर पोरीला जायला जागा उरत नाही. तुम्ही तोंडाजवळ. बोलणारा आवाज एकच असू द्या, तुमचा. चौघं एकदम ‘शूर आहेस ना, बघ पोपट, रडायचं नाही’ म्हणतात तेव्हा मुलाला बाजारात उभं केल्यासारखं होतं. शक्य असेल तर आडवी न ठेवता उशा लावून बसती करा. आडवं पाडून धरलं की निम्मी भीती तिथंच.

साबणाचे फुगे आणा, वीस-तीस रुपयांची बाटली मिळते. पू झालेल्या मुलांना आम्ही तसेही फुगे फुंकायला लावतो, फुप्फुस उघडावं म्हणून. त्यामुळे त्याला कोणी नाही म्हणणार नाही. सुईच्या वेळी तोच उपयोग: लांब फुंकर घालताना अंग आवळून धरता येत नाही. लहानपणी आपण पडलो की आई खरचटल्यावर फुंकर घालायची, इथं मुलीनं घालायची एवढंच.

खोटं बोलू नका. ‘दुखणार नाही’ म्हणायचं नाही, एकदाच चालतं ते. “थोडं दुखेल, मी इथंच आहे, झालं की सांगते” एवढंच. चिऊनं आमची चोरी अचूक पकडलीय: आम्ही ‘झालं’ चारदा म्हणतो. ते एकदाच म्हणायचं, खरंच झाल्यावर, आणि रिकामे हात दाखवून. तुमच्या सिस्टरांना हे तिच्याच शब्दांत सांगा. लागेल त्यांना. लागू दे.

आणि तुम्हाला बघवलं नाही तर बाहेर जा. त्यानं आई म्हणून कमी होत नाही तुम्ही. घेरी आलेल्या आईला सांभाळण्यात एक सिस्टर अडकते, हे आपलं व्यवहाराचं.

ट्रे वाजला, जाते.

---

अप्पा
मंगळवार, सकाळी ९.०५

सगळं वाचलं. काळजी घ्यावी, पण हल्ली फारच कौतुक चाललंय असं वाटतं. लहान मुलांना काही लक्षात राहत नाही. मी सहा वर्षांचा असताना, १९६१ साली, माझे टॉन्सिल असेच काढले. लाकडी खुर्ची, एकानं डोकं धरलं, दोघांनी हात. डॉक्टरांच्या चष्म्याची काडी सोनेरी होती आणि एका बाजूनं दोरा बांधलेला. खिडकीत पितळी तांब्या होता. मग आइस्क्रीम मिळालं आणि मी विसरून गेलो.

---

अकराशे ग्रॅम
मंगळवार, सकाळी ९.४०

अप्पा, त्या चष्म्याचा दोरा कुठल्या रंगाचा होता तेवढं सांगा, म्हणजे विसरलात याची खात्री पटेल.

चेष्टा सोडा. आठवत नाही म्हणजे अंगात उरत नाही असं नसतं, आणि हे तपासून झालंय. टोरोंटोच्या संशोधकांनी १९९७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं होतं: जन्मल्यावर सुंता झालेले मुलगे चार ते सहा महिन्यांनी लस टोचताना जास्त रडले, आणि ज्यांना सुंतेआधी ते बधिर करणारं क्रीम लावलं होतं ते त्यामानानं कमी. त्या वयात आठवण कसली? पण अंगानं हिशेब ठेवलेला होता.

माझा मुलगा वेळेआधी जन्मला, ११०० ग्रॅम. एकतीस दिवस एनआयसीयूत. टाचेतून रक्त घ्यायचे, आणि टोचण्यापेक्षा नंतर टाच दाबून दाबून थेंब काढतात त्यानं तो जास्त वळवळायचा. तिथल्या एका सिस्टरनं आम्हाला शिकवलं: टोचण्याच्या दोन मिनिटं आधी जिभेच्या टोकावर गोड पाण्याचे थेंब. बाहेर त्यासाठी २४ टक्के साखरेचं तयार द्रावण मिळतं म्हणे, इथं २५ टक्के डेक्स्ट्रोज वापरायचे, किंवा बायकोचं काढलेलं दूध. थेंब म्हणजे थेंबच, वाटी नाही. माझ्या आईनं लगेच मधाची बाटली काढली, तिला हात जोडून थांबवलं. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात द्यायचा नाही. आणि ताई, हा साखरेचा उपाय तान्ह्यांचा. चार वर्षांच्या चिऊला त्यानं फक्त चॉकलेटची आठवण येईल.

दुसरं म्हणजे उघड्या छातीवर बाळ ठेवणं, कांगारू पद्धत. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटाला इन्क्युबेटर कमी पडले म्हणून सुरू झाली ती. बायकोला टाके होते म्हणून पहिले काही दिवस मीच शर्टाची बटणं उघडून बसायचो. एकदा सिस्टर म्हणाल्या, उठू नका, असंच टाचेतून घेते. तो कण्हला, चेहरा वाकडा केला, आणि माझ्या छातीवर परत झोपला. तोवर मला वाटायचं बापाला तिथं काही कामच नसतं.

आत येऊ देण्याबद्दल: केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं २०१७ मध्ये नवजात विभागांसाठी कुटुंबाच्या सहभागाची मार्गदर्शक तत्त्वं काढलीत. पीआयसीयूला ती थेट लागू नाहीत, पण ‘नवजातांच्या आयसीयूत आईला बसवतात, मग इथं का नाही’ एवढं तरी विचारता येतं.

---

पेडीवाला
मंगळवार, दुपारी ३.३०

मी लहान मुलांचा डॉक्टर आहे, पीआयसीयूत काम करतो. रात्रपाळी सिस्टरांचं बहुतेक सगळं मान्य. आमची बाजूही थोडी सांगतो. माफीनामा समजू नका, डॉक्टर का कचरतात हे माहीत असलं की मागणं सोपं जातं.

व्हेंटिलेटरवरच्या मुलाला मॉर्फिन-फेन्टानिल द्यायला मला भीती वाटत नाही, श्वास मशिन घेतंय. चिऊसारखं मूल, एक फुप्फुस अर्धं बसलेलं, स्वतःच्या श्वासावर, तिथं हात आखडतो. ही औषधं श्वास मंद करतात. फेन्टानिल घाईनं ढकललं तर छाती ताठ होऊन श्वासच अडू शकतो. म्हणून ती सावकाश, ऑक्सिजन आणि बोटावर ऑक्सिजन मोजणारा चिमटा लावून, श्वास देणारी पिशवी उशाशी ठेवून, पोट रिकामं असताना देतात. जेवण झालं असेल तर सहा तास, साधं पाणी दोन तास. म्हणजे गुरुवारी सकाळी दहाला नळी काढणार असतील आणि तुम्ही नऊला प्रेमानं खिचडी भरवलीत, तर डॉक्टरांच्या हातातला चांगला पर्याय तुम्हीच काढून घेतला. हे आधी विचारून ठेवा: “उपाशी ठेवू का?”

दुसरी अडचण कपाटाची. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे मॉर्फिनसारखी औषधं ठेवणं इतकं किचकट झालं होतं की कित्येक ठिकाणी ती ठेवतच नसत. २०१४ मध्ये दुरुस्ती होऊन मॉर्फिन, फेन्टानिल वगैरे सहा औषधांचे नियम देशभर एकसारखे आणि सोपे झाले. कायदा बदलला, सवय तितकी बदलली नाही. आजही कुलूप उघडायचं, वहीत लिहायचं, रिकामी कुपी परत द्यायची, एवढ्या सोपस्कारापेक्षा ‘दोन सेकंदांचं काम आहे’ म्हणणं सोपं पडतं. मीही म्हटलंय.

तिसरी गोष्ट आमच्या शिक्षणाची. १९८० च्या दशकापर्यंत जगभर बरेच डॉक्टर मानायचे की तान्ह्या बाळाची मज्जासंस्था कच्ची असते, त्याला आपल्यासारखं दुखत नाही. अकाली जन्मलेल्या बाळांची हृदयाशेजारची ऑपरेशनं स्नायू सैल करणारं औषध आणि थोडा नायट्रस ऑक्साइड, म्हणजे हलक्या गुंगीचा वायू, एवढ्यावर व्हायची. हे मोडून काढण्यात मोठा वाटा इंदूरच्या एमजीएम मेडिकल कॉलेजात शिकलेल्या कन्वलजीत सिंग आनंद यांचा. ऑक्सफर्डला असताना त्यांच्या लक्षात आलं की ऑपरेशनहून परतलेली बाळं फार ढासळलेली असतात. १९८७ मध्ये त्यांनी दाखवलं की फेन्टानिल दिलेल्या बाळांच्या अंगातला ताणाच्या संप्रेरकांचा उसळा कमी होतो आणि ऑपरेशननंतरची गुंतागुंतही. मला आठवतं त्याप्रमाणे एमबीबीएसच्या साडेचार वर्षांत हे नाव एकदाही कानावर पडलं नाही.

आणि हे फक्त आपल्याकडचं नाही. पॅरिस आणि आसपासच्या आयसीयूंतल्या ४३० नवजात बाळांची नोंद २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. दिवसाला साधारण सोळा वेळा काही ना काही केलं जायचं, त्यातल्या दहा गोष्टी दुखणाऱ्या. दुखणाऱ्यांपैकी जवळपास ऐंशी टक्के वेळा त्यासाठी म्हणून काहीच दिलेलं नव्हतं. ताईंच्या रेघा आणि पॅरिसचे दहा, अंतर फार नाही.

ताई, रोजच्या रक्ताबद्दलही विचारा. ताप उतरलेल्या, खाणाऱ्या मुलीचं सीबीसी-सीआरपी या रक्ताच्या तपासण्या रोज लागतातच असं नाही. कधी कधी काल लिहिलेली ऑर्डर कोणी खोडत नाही म्हणून चालू राहते. “आजच्या रिपोर्टवर काही बदलणार आहे का?” असा प्रश्न मला एका आजोबांनी विचारला होता. मला राग आला, आणि दोन तपासण्या मी खोडल्या.

---

चिऊची आई
शुक्रवार, सकाळी ११.२०

सगळ्यांना उत्तर द्यायला आजच वेळ मिळाला.

बुधवारी दुपारी डॉक्टर एकटे बसलेले बघून गेले. पाय कापत होते. बिलाचा कागद पुढं केला. त्यांनी रेघा मोजल्या, मग म्हणाले, “एवढ्या?” मी म्हणाले, “हे फक्त मी बाहेरून ऐकलेले.” गप्प बसले. मग सिस्टरना बोलावून विचारलं, सकाळचं रक्त कशासाठी चाललंय. गुरुवारी सकाळी कोणी रक्त घेतलं नाही. पहाटे ती झोपलेली होती, मी काचेतून बघत उभी होते. नऊ दिवसांत पहिल्यांदा.

आत बसायला एका सिस्टर नको म्हणत होत्या, गर्दी होते म्हणून. त्यांचंही बरोबर असेल. डॉक्टर म्हणाले, बसू द्या, रडल्या तर बाहेर काढू. चार वाजल्यापासून तिला उपाशी ठेवलं होतं. साडेनऊला सलाइनमधून पॅरासिटामॉल. दहाला दुखण्याचं दुसरं औषध, डॉक्टरांनी स्वतः, घड्याळाकडं बघत हळूहळू दिलं. बोटाला लाल दिव्याचा चिमटा, नाकाला ऑक्सिजन. तिचे डोळे जड झाले पण जागी होती. उशा लावून बसवलं. मी सांगितलं, “दुखल थोडं. मी हितंच हाय. झालं की मी सांगते, दुसरं कुनी नाही.” फुगे फुंकायला दिले. पहिले दोन नीट आले नाहीत, औषधानं ओठ सैल झाले होते. तिसरा मोठा आला, आणि डॉक्टरांनी ओढलं. ती ‘आँ’ म्हणाली. एकदाच. फुगा वॉर्डबॉय मामांच्या टोपीवर जाऊन फुटला.

मी ‘झालं’ म्हणणार, तेवढ्यात चिऊनंच डॉक्टरांना विचारलं, “हात दाखवा.” त्यांनी दोन्ही हात वर केले. सगळे हसले. त्या नको म्हणणाऱ्या सिस्टरसुद्धा.

रडली ती नंतर. जुन्या ड्रेसिंगच्या सात दिवसांच्या चिकटपट्ट्यांचे कडेला राहिलेले तुकडे कातडीसकट निघताहेत असं वाटलं. नळीला एक ‘आँ’ आणि पट्टीला दहा मिनिटं बोंब. कुशीवर लाल पट्टा उठलाय. दुपारी वॉर्डात हलवलं. आता हातावरची सुई उरलीय, तिलाही तसलीच पट्टी गुंडाळलेली. उद्या-परवा काढतील. ती आत्तापासून म्हणतेय, सुई काढा, पट्टी नको काढू. त्याला काही आहे का?

अप्पा, सासूबाईंना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, त्यांचा कान टोचला तेव्हा सोनाराच्या ओट्यावर पिवळी मांजर होती.

---

रात्रपाळी
शुक्रवार, रात्री ११.५०

ताई, आहे. आणि पट्टीचं मी आधी लिहायला हवं होतं, तुम्ही नळीचं विचारलंत म्हणून राहून गेलं.

‘एक, दोन, तीन’ करून ओरबाडायचं नाही. उद्या वॉर्डच्या सिस्टरना सांगा, सुई कायमची काढायची असेल तेव्हा आधी कापसाच्या बोळ्यानं खोबरेल तेल पट्टीच्या कडांना लावून पाच-सात मिनिटं ठेवायचं. कडा सुटायला लागतात. मग वर न ओढता कातडीला समांतर, मागं दुमडत दुमडत, दुसऱ्या बोटानं कातडी दाबून धरून. केस ज्या दिशेनं आहेत त्या दिशेनं. पहिलं टोक चिऊला स्वतःला सोडवू दे, पोरांना ते आवडतं. सुईच्या तोंडाशी तेल जाऊ देऊ नका, तो शेवटचा भाग सिस्टरच काढतील.

पण सुई ठेवून नुसती पट्टी बदलायची असेल तर तेल नको, नवी पट्टी चिकटणार नाही. तेव्हा कोमट पाण्यानं भिजवलेला गॉज, आणि थोडा जास्त वेळ. कुशीवरच्या लाल पट्ट्यावर आज काही चोपडू नका, कातडी फाटली नाहीय ना ते सकाळी उजेडात बघून इथं लिहा.